चहात साखर किती?

आमच्याकडे नाटक बसवायचं ठरलं की संहिता वाचण्याआधी पात्रपरिचयाचं पान उघडतात. सात पुरुष, तीन स्त्रिया दिसल्या की पुस्तक बंद. सहा पुरुष, एक स्त्री असेल तर 'बघू या' म्हणतात आणि मग त्या एका स्त्रीसाठी अख्खं देवरुख पालथं घालतात. 'स्त्री पात्र मिळालं का?' हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वडील वाडीतल्या नाटकात उभे राहायचे तेव्हा स्त्री पात्र बाहेरून यायचं. नाइट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, ठरलेली असायची. बाई दुपारच्या एसटीने यायच्या, जेवून झाल्यावर पोरांबरोबर एकदा सगळं नाटक म्हणून घ्यायच्या, रात्री प्रयोग करायच्या आणि पहाटेच्या गाडीने परत जायच्या. त्यांचं वाक्य कधी चुकलेलं मला आठवत नाही. चुकायचे आमचेच, दोन महिने तालीम केलेले.

गेल्या वर्षी श्रावणात सरांचा फोन आला. सरांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक दोन अंकी विनोदी नाटक लिहिलं होतं, तेही शहाणपणाने पात्रं मोजून : सात पुरुष, एक स्त्री.

"तुला काम करायचंय," ते म्हणाले. 'करशील का' असं विचारलंच नाही.

मी एका पतसंस्थेत कॅशला बसते. वय ४२. शाळेतल्या गॅदरिंगनंतर रंगमंचाची पायरी चढलेली नव्हते. "सर, मला विनोदी जमत नाही हो," मी म्हटलं.

"ज्यांना जमतं ते सात मिळालेत. आता एक न जमणारं हवंय."

हे कौतुक होतं की काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

नाटकाची गोष्ट सांगते. कोकणातलं जुनं घर. मुंबईचा मुलगा ते विकायला काढतो आणि गिऱ्हाईक घेऊन येतो. म्हाताऱ्याला विकायचं नाही. तो घरात भूत असल्याची आवई उठवतो, शेजारच्या पोराला लुगडं नेसवून भूत करतो आणि बायकोला सांगतो, तू अंगात आल्यासारखं कर. ही बायको म्हणजे मी. तिला यातलं काहीच पसंत नाही, पण दारात आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय तिला राहवत नाही. गिऱ्हाईक भूत बघून किंचाळत माजघरातून ओटीवर येतं, तर ही ट्रे घेऊन समोर उभी : "चहात साखर किती?" पुढे मोजणीदार येतो, दलाल येतो, जो तो एकेका दारातून बोंबलत बाहेर पडतो आणि जो बाहेर पडेल त्याला ही तेच विचारते. वाक्य नाटकात सहा वेळा आहे. वाचनाच्या दिवशी मला ते एकदाही गमतीचं वाटलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "कर की." नवऱ्याचं 'कर की' म्हणजे रात्रीच्या भांड्यांचं काय, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलेला नाही, एवढाच अर्थ. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी चिंच फोडता फोडता म्हणाल्या, "अंगात येण्याची चेष्टा नको हो. देवाचं असतं ते."

"चेष्टा देवाची नाही आई, खोटं करणाऱ्याची आहे."

"मग ठीक," म्हणाल्या आणि पुन्हा चिंचोके काढायला लागल्या. विषय संपला असं मला वाटलं. तो संपला नव्हता.

तालीम शाळेच्या एका वर्गात, रात्री साडेआठ ते अकरा. बाकं मागे रचून ठेवायची आणि फरशीवर खडूने घर आखायचं. इथे ओटी, हे माजघर, ही बाळंतिणीची खोली, हे परसदार. दारं तीन आणि तिन्ही खडूची. मंडळी कोण, तर पोस्टातले एक काका, एक मेडिकलवाले, कॉलेजवरचे दोन शिक्षक, एक विमा एजंट, एक वडाप (शेअर गाडी) चालवणारा आणि लुगड्यातलं भूत करणारा इलेक्ट्रिशियन पोरगा. पहिले आठ दिवस सरांचं एकच ओरडणं : "भिंतीतून आलास! दार तिकडे आहे!" फार्समध्ये दार हे पात्र असतं, असं ते म्हणायचे. कोण कुठल्या दाराआड आहे ते प्रेक्षकाला माहीत हवं आणि रंगमंचावरच्याला माहीत नको. आठ माणसांनी खडूच्या रेषांवर हे दीड महिना घोकलं. मला अजूनही शाळेत मीटिंगला गेले की त्या वर्गात शिरताना पाय उचलून उंबरा ओलांडावासा वाटतो. तिथे उंबरा नाही.

नवीन संहिता म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आलं, नाट्यस्पर्धेचा प्रवेश अर्ज आला. ते सगळं मेडिकलवाल्यांनी निस्तरलं. मला त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते त्या एका वाक्याबद्दल.

पहिल्यांदा मी ते म्हटलं तेव्हा भुवई जराशी उचलली, ओठाच्या कोपऱ्यात हसू ठेवलं. टीव्हीवर करतात तसं. मुलं हसली. सर म्हणाले, "परत." परत म्हटलं. "परत." पाचव्या वेळी ते खुर्चीवरून उठून जवळ आले.

"विनोद तुला कळलाय, हे मला दिसतंय."

"हो सर."

"ते दिसायला नको. तिला कुठे कळलाय? तिच्या घरी पाहुणा आलाय. तो पांढराफटक पडलाय, थरथरतोय. ती काय समजेल?"

"चक्कर आली असेल."

"मग?"

"मग साखर जास्त घालावी लागेल."

"तेवढंच विचार."

सांगायला सोपं. करायला मला तीन आठवडे लागले. भुवई खाली आणली तर आवाज लाडिक व्हायचा, आवाज सरळ केला तर मान वाकडी व्हायची. शरीराचा कुठला ना कुठला भाग 'बघा हं, आता गंमत' असं सांगत राहायचाच. शेवटी सरांनी कप भरायला लावले. तोवर ट्रेवर रिकामे कप होते. रिकाम्या कपांचा ट्रे माणूस नुसता धरतो, भरलेल्या कपांचा सांभाळतो. चार कप काठोकाठ पाणी, पुढे कोरा चहा, आणि सांडला तर तालमीनंतर फरशी मी पुसायची. त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष कपांवर गेलं आणि वाक्य आपोआप साधं यायला लागलं. पतसंस्थेत 'शंभराच्या की पाचशेच्या?' विचारते त्याच आवाजात. इतकी वर्षं मी काउंटरवर हेच करत होते की! समोरच्याचं कितीही चाललेलं असो, आपल्याला नोटा मोजायच्या असतात.

दुसरी गोष्ट थांबण्याची. हशा आला की थांबायचं हे कुणीही सांगेल, पण किती? हशा वर चढतो, टेकाडावर क्षणभर राहतो, मग उतरतो. उतरून तळाला पोचायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलंत तर बुडतं, नंतर टाकलंत तर थंड पडतं. पण तालमीत हशा आणायचा कुठून? पहिल्या आठवड्यात मंडळी एकमेकांवर हसत होती. तिसऱ्या आठवड्यात कुणीही हसेना. पाचव्या आठवड्यात तर आम्ही तेरावं करायला जमल्यासारखे वाक्यं म्हणत होतो. सर हातात डस्टर घेऊन बसायचे आणि जिथे हशा अपेक्षित तिथे टेबलावर आपटायचे. एक आपटणं म्हणजे छोटा हशा, तीन म्हणजे मोठा. एकदा प्रकाशयोजना करणारा माणूस नाटक बघायला म्हणून पहिल्यांदा आला आणि पहिल्या 'चहात साखर किती'ला खुसकन हसला. सगळे एकदम गप्प होऊन त्याच्याकडेच बघायला लागले. तो बिचारा ओशाळून "सॉरी" म्हणाला.

पाठांतर घरी. स्वयंपाक करताना मी माझं म्हणायची आणि सासूबाई वही घेऊन बाकी सात जणांचं वाचायच्या. गिऱ्हाईक, दलाल, भूत, सगळे एकाच सुरात, हरिपाठ म्हणावा तसे. 'मेलो मेलो वाचवा' हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे वाचलं की मी पोळी करपवली. अंगात येण्याचा प्रवेश आला तेव्हा मी ओट्यापाशी केस मोकळे सोडून घुमायला लागले. त्यांनी वही खाली ठेवली.

"असं नाही."

"मग कसं?"

"खरं आलेली बाई काही सांभाळत नाही. पदर जातो, कुंकू फिसकटतं, तिला भान नसतं. खोटी असते ती आधी बांगड्या सांभाळते." आणि त्या उठल्या. वय ७४, गुडघे दुखतात. ओट्याला एक हात टेकून त्या घुमायला लागल्या आणि घुमता घुमता उजव्या हाताने डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे वर सारल्या. मग मनगट धरून ठेवलं आणि पुन्हा घुमल्या. मी गॅस बंद करून खाली बसले. हसून पोटात कळ आली.

"कुणाला बघितलंत?"

"नाव नाही सांगायची," म्हणाल्या. "आहे अजून."

दुसऱ्या दिवशी ते मी तालमीत केलं. सरांनी डस्टर पाच वेळा आपटलं.

आमचा नारळ फुटला ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला. नटराजाच्या फोटोसमोर सरांनी दर वर्षीचं भाषण केलं : सांगली, १८४३, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर. पोस्टातल्या काकांनी मध्येच विचारलं, "सीता कोण होतं?" सर म्हणाले, "पुरुषच, दुसरं कोण?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी १८४३ पासून उशिरा येत होते.

ही पुरुषाची गोष्ट जरा बोलायलाच हवी. आमच्या भागात नमन आहे, जाखडी आहे, या इथल्या लोककला. नमनातल्या गवळणी, त्यांची ती मावशी, बहुतेक ठिकाणी अजून पुरुषच करतात आणि काय झकास करतात! लुगडं नेसलेला बाप्या नुसता विंगेतून डोकावला तरी मांडव हसतो. त्याला वाक्यही लागत नाही. आमच्या भुताचंही तसंच. इलेक्ट्रिशियन पोरगा तांबडं लुगडं नेसून, मिशी न काढता आला की झालं. बाईचं तसं नसतं. बाई आली की लोक आधी साडी बघतात, मग कोणाची कोण ते आठवतात, मग ती दिसते कशी ते ठरवतात. हसायची वेळ त्यानंतर येते, आली तर. विनोदी नाटकात बाईला बहुधा सुंदर दिसण्याचं किंवा चिडण्याचं काम असतं. सरांनी मला ती दोन्ही दिली नव्हती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पहिला प्रयोग गावातच, मांडवात. दोन माइक वरून टांगलेले, एक खाली पायाशी. समोर बसलेल्यांत निम्मे तरी आमच्या पतसंस्थेचे खातेदार. मी ट्रे घेऊन माजघराच्या दारातून आले आणि तोंड उघडायच्या आत हशा झाला. मागून कुणी तरी ओरडलं, "बाई, माझ्या आवर्तक ठेवीचं बघा!" मांडव कोसळला. मी थांबले, सरांनी शिकवलं होतं तसं, उतारावर वाक्य टाकलं, पुन्हा कोसळला. सहाच्या सहा वेळा. शेवटच्या वेळी तर लोकच माझ्याबरोबर म्हणाले, "साखर किती?" मी हवेत होते. जिथे नव्हतं तिथेही मी एकदा भुवई उचलली, खोटं कशाला सांगू! लोकांनी तीही उचलून धरली.

प्रयोगानंतर मंडळी वडे खात होती. सर माझ्याजवळ आले, वडा संपवला, कागदाचा बोळा केला.

"तुला हसले," म्हणाले. "तिला कोण हसलं?"

त्या रात्री मला त्यांचा राग आला होता. लोक हसले ना? मग कुणाला हसले याच्या पावत्या कशाला फाडायच्या?

स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरीला, स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात. टेम्पोत नेपथ्य, मागे वडापमध्ये आम्ही. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर माझ्या बांगड्यांची पेटी. 'चार डझन घे, फुटतात' हा त्यांचा हट्ट. आमच्या सुताराने खरी लाकडी चौकट करून दार बसवलं होतं, घरी मांडवात ते लोण्यासारखं उघडायचं. इथे उभं केलं तर खालून घासायला लागलं. लावायला वेळ थोडा, दिवे जुळवायचे बाकी, त्यामुळे दोन ठोके मारून सुतार म्हणाला, "चालेल." सुतार 'चालेल' म्हणाला की मी हल्ली घाबरते.

तिसरी घंटा झाली. पडद्याच्या फटीतून बघितलं होतं : प्रेक्षागृह अर्धंही नाही, आणि मध्ये परीक्षकांच्या टेबलावर एक लहानसा दिवा. तो दिवा काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना. पहिली एन्ट्री. मी आले. शांतता. इथे मला कोण ओळखणार? ट्रे घेऊन आलेली एक बाई, एवढंच. "चहात साखर किती?" खोकला आला कुणाला तरी. तेवढाच प्रतिसाद.

दुसऱ्या वेळी तर दारच उघडलं नाही. मी आत, ट्रे हातात, खांद्याने ढकलतेय, बाहेर विमा एजंट म्हणजे आमचं गिऱ्हाईक थरथरत उभं. तो तरी किती थरथरणार? मी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराने यायचं ठरवलं, पण त्याच दारातून भूत जायचं होतं. अंधारात आमची टक्कर झाली आणि दोन कप चहा तांबड्या लुगड्यावर. भूत खरोखरच किंचाळलं. हे सांगताना आता सगळे हसतात, पण तेव्हा प्रेक्षागृहात कुणीही हसलं नाही. त्यांना दिसलंच नव्हतं काही. त्यांना दिसलं ते एवढंच की एक माणूस बराच वेळ थरथरतोय आणि मग एक बाई अर्धा रिकामा ट्रे घेऊन येतेय. मध्यंतरात सुताराने दाराखाली मेणबत्ती घासली. भुताचं लुगडं पंख्याखाली धरलं होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सर फक्त म्हणाले, "वाक्यं पळवू नका." माझ्याकडे बघून नव्हे, पण मला कळलं.

दुसऱ्या अंकात अंगात येण्याचा प्रवेश आहे. मी केस सोडले, घुमायला लागले. तो टेबलावरचा दिवा एव्हाना मी विसरले होते, कारण दाराची काळजी त्याहून मोठी होती. पुन्हा अडकलं तर कुठून जायचं हेच डोक्यात चाललेलं. घुमता घुमता हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला, बांगड्या वर सरकवल्या, मनगट धरलं.

मागच्या रांगांमधून एक बाई हसली. एकटी. दबलेलं नाही, चांगलं खळखळून, जणू तिला तिची कोणी तरी चुलतसासू आठवली. दोन क्षण ती एकटीच हसत होती. मग तिच्या आजूबाजूच्या हसल्या, फक्त बायका, हे मला आवाजावरून स्पष्ट ऐकू येत होतं. पुरुष सगळ्यात शेवटी. बहुधा शेजारणीने कोपराने ढोसून सांगितल्यावर. मी घुमत राहिले. हशा चढला, टेकाडावर थांबला, आणि मला पुढचं वाक्य टाकायचं होतं तेव्हा मला एकाएकी त्या घराची, त्या चुलीवरच्या आधणाची काळजी वाटली. खरंच वाटली. मी घुमायची थांबले, मोजणीदाराकडे वळले आणि विचारलं, "चहात साखर किती?"

त्यानंतर दार दोन्ही वेळा नीट उघडलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. आमचं नाटक पुढे गेलं नाही. अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं ते आमच्या भुताला. पोरगा नाचला, आणि त्याला मिळायलाच हवं होतं : अंगावर चहा सांडूनही त्याने एक्झिट चुकवली नव्हती. विमा एजंट मात्र दोन दिवस म्हणत होता, "बाईपेक्षा बाई बाप्यालाच जमते बघा." मी त्याला म्हटलं, "१८४३ पासून."

पण त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. परतताना हातखंब्याला गाडी थांबली, मंडळी खाली उतरली. सासूबाई पेटी उघडून फुटलेल्या बांगड्या मोजत होत्या. तीन.

"बाईला हसायला आलं ते ऐकलंत ना आई?" मी विचारलं. "मागे बसलेली. ती पहिली हसली."

"ऐकलं. माझ्या दोन खुर्च्या सोडून होती." पेटी बंद केली. "पण तू आज उजवा हात आधी पदराला लावलास."

"मी?"

"पदर नंतर. आधी बांगड्या."

पुढचा प्रयोग माघी गणपतीत आहे, गावाबाहेर वाडीवर. रोज रात्री भांडी झाली की सासूबाई वही न घेताच ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "हं, घूम."